सहदेव घाडी आणि साडूची गाडी

सहदेव घाडीच्या पोटात दुखायला लागलं ते पाडव्याच्या सकाळी, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं.

बोरीवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीच्या अंगाला टेम्पोवाल्यांचा नाका आहे. सहदेव तिथं आपल्या जुन्या पिकअपचा फाळका पाडून त्यावर पाय सोडून बसला होता, हातात कटिंग. तेवढ्यात कोपऱ्यावरून पांढरीशुभ्र नवीकोरी पिकअप वळली. नाकाला झेंडूची माळ, काचा बंद. जवळ येऊन हॉर्न वाजला तोही असा, की एखाद्या सायबानं घसा साफ करावा. काच आपोआप खाली गेली आणि आतून त्याच्या साडूचं, राजारामचं, तोंड बाहेर आलं.

"दादानू, कशी वाटता?"

सहदेवनं चहाचा घोट गिळला. तो गरम होता की नाही हेही त्याला कळलं नाही.

"बरी आसा," तो म्हणाला.

राजाराम म्हणजे सहदेवच्या बायकोच्या, मालनच्या, धाकट्या बहिणीचा, शकुचा नवरा. सख्खे भाऊ एक वेळ एकमेकांचं बरं चाललेलं बघून घेतील, पण साडवांचं तसं नसतं. दोघी बहिणी एका चुलीपुढं वाढलेल्या, त्यामुळं एकीच्या घरात नवा मिक्सर आला की दुसरीच्या घरातला जुना त्याच दिवशी आवाज करायला लागतो. त्यातून राजारामला गाडी शिकवली सहदेवनं. ह्याच जुन्या पिकअपवर. क्लच सोडताना राजारामनं पहिल्यांदा एका भाजीवालीची हातगाडी उलटी केली, तेव्हा तिचे टोमॅटो वेचायला सहदेव गुडघ्यावर बसला होता. आणि तोच राजाराम आज काच खाली करून विचारत होता, कशी वाटता.

सहदेव मूळचा कुडाळकडचा. घाडी हे त्याचं आडनावही आणि घराण्याचं कामही. गावात देवळात उभं राहून लोकांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं, हा घाडी घराचा मान. त्याचा बापूस परळच्या गिरणीत साच्यावर होता. तो दसऱ्याला गिरणीच्या दारात नारळ हातात घेऊन असं काही गाऱ्हाणं घालायचा, की मॅनेजरसुद्धा चप्पल काढायचा. पुढं गिरणी बंद पडली. बापूस गावाला गेला आणि सहदेव एका फर्निचरवाल्याकडं कपाटं उचलायला लागला. पाठीवरून कपाट वाहणाऱ्या माणसाला चाकाची किंमत कळते. त्यानं लायसन काढलं, वर्षानुवर्षं दुसऱ्याची गाडी चालवली आणि मग ही पिकअप घेतली. बापसाकडून त्याला मिळालं म्हणाल तर आवाज तेवढा मिळाला. भरडा, खणखणीत, लांब जाणारा.

म्हणून दसऱ्याला नाक्यावरच्या सगळ्या गाड्या धुऊन वडाखालच्या देवाच्या घुमटीसमोर ओळीनं उभ्या राहिल्या की गाऱ्हाणं सहदेवनंच घालायचं, असा तिथला रिवाज. एकेका गाडीचा नंबर घ्यायचा, तिच्यासाठी मागणं मागायचं आणि सगळ्यात शेवटी आपल्या गाडीचा नंबर घेऊन नारळ फोडायचा. नाक्यावर उत्तर प्रदेशातले आहेत, घाटावरचे आहेत, एक मंगळूरचा आहे. पण "व्हय म्हाराजा" म्हणायला सगळे शिकलेत.

आता नवी गाडी आली म्हटल्यावर गाऱ्हाणं आलंच. राजाराम नारळ घेऊन पुढं झाला. "दादानू, तुमीच घाला. तुमच्याशिवाय कोण आसा?"

नाही म्हणायची सोय नव्हती. शकु गाडीच्या केबिनमधून उतरली, ती गॉगल लावून. मालनही आली होती. तिनं बहिणीच्या गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि नवऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यानंच सहदेवच्या पोटात आणखी एक पीळ बसला.

त्यानं नारळ हातात घेतला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो चाकर राजाराम नवी गाडी घेऊन तुझ्या दारात उभो रवलो हा. तेचो ह्यो नारळ गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वायट नजर असात, कोणाच्या पोटात दुखत असात, तेची तू थंयच्या थंय वाट लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी जोरात होकार भरला. शकुनं तर दाजींकडं रोखून बघत भरला.

सहदेवच्या कानशिलावरून घाम उतरला. आपलीच वाट लावायला आपणच देवाला सांगतोय, हे त्याला बोलता बोलता कळलं. त्यानं डोळे मिटले आणि एका दमात पुढचं म्हणून टाकलं, "आणि गाडी नंबर सत्तावीस अठरा, हिका रस्त्यात यश दी, हिच्या चाकाक काटो लागांदे नको, हिका एकाच्या एकवीस वर्द्या गावांदेत रे म्हाराजा!"

आणि नारळ फोडला. नारळ असा फुटला की दोन स्वच्छ वाट्या, खोबरं पांढरं, पाणी सगळं बाहेर.

"व्हय म्हा..." इथपर्यंत लोक आले आणि थांबले.

सत्तावीस अठरा हा सहदेवच्या खटाऱ्याचा नंबर होता.

नाक्यावरचा सगळ्यात जुना माणूस भीमराज. तो आधी हसला. "अरे वा रे घाडी! नारळ राजारामचा, पेढे राजारामचे, आणि आशीर्वाद तुझ्या डब्याला? झकास!"

मग सगळेच हसले. राजारामही हसला, पण त्याचं हसू दातांपर्यंतच आलं. शकुनं गॉगल काढला.

"दाजी, परत घाला."

"अगो, परत कसां घालतले? नारळ फुटलो," सहदेव म्हणाला. "देवाक एक गजाल दोनदा सांगलेली चलना नाय."

असा काही नियम कुठल्याच गावात नाही. त्यानं तो जागच्या जागी काढला.

घरी आल्यावर मालन म्हणाली, "मुद्दाम केलात."

"देवाशप्पथ नाय गे. तोंडाक सवय आसा. शेवटाक आपलोच नंबर येता."

"सवय आसा की पोटात दुखता, तां त्या देवाकच म्हायत," असं म्हणून तिनं कुकर लावला.

आता गंमत पुढं आहे. देवानं ऐकलं की नाही ते देव जाणे, पण राजारामच्या गाडीला आठवडाभरातच एका रिक्षानं दारावर लांबलचक ओरखडा काढला. मग दहिसरला नो एंट्रीत चलन फाटलं. मग कांदिवलीतल्या एका बाईच्या कपाटाचा आरसा त्याच्या गाडीत तडकला आणि ती बाई नाक्यावर येऊन सगळ्यांच्या देखत त्याची उतरवून गेली. इकडं सहदेवचं बघाल तर वैशाख लागला नि कामाला उसंत नाही. हापूसच्या पेट्या आल्या, भाडेकरूंच्या घरबदल्या आल्या. एका खाकरेवाल्यानं तर रोजचा माल त्यालाच बांधून दिला. नाक्यावर चेष्टा सुरू झाली. वर्दीचा, म्हणजे भाड्याचा, फोन आला की भीमराज ओरडायचा, "सत्तावीस अठराला द्या रे, ती देवाची गाडी आहे!"

राजाराम एकदा एकटा गाठून म्हणाला, "दादानू, एकदा माझ्या गाडयेचा नाव घेऊन घाला ओ. देवान पत्तो चुकवलान."

"दसऱ्याक बघूया," सहदेव म्हणाला.

दसऱ्याला अजून पावसाळा आडवा होता.

एवढं सगळं मनासारखं चाललेलं असताना दुसरा कोणी असता तर त्याचं दुखणं थांबलं असतं. सहदेवचं वाढलं. कारण वर्दी जास्त म्हणजे घामही जास्त. त्याच्या गाडीचं डावं दार फक्त बाहेरून उघडायचं. काच वर करायचा दांडा कधीच तुटलेला, तिथं पक्कड लावून काच चढवावी लागायची. दुसरा गिअर दोन चापट्या दिल्याशिवाय पडत नसे. इंजिनाची धग सीटखालून यायची, ती बसणाऱ्याला सरळ पापडासारखं भाजायची. आणि सिग्नलला शेजारी राजारामची गाडी येऊन उभी राहायची. काचा बंद, आत एसी, सायबाच्या केसाची बटसुद्धा हलत नाही. वर्दी नसेना का, तो गारेगार बसून होता. सहदेवला वाटायचं, ह्याला काम नाही तर नाही, पण हा थंड आहे. आपल्याला काम आहे आणि आपण उकडतोय. मग देवानं दिलं ते नेमकं कुणाला?

फॅमिली ग्रुपवर शकुनं गाडीचे फोटो टाकले की सहदेव संडासात बसून ते मोठे करून बघायचा. ओरखडा कुठं दिसतो का. शकुनं सगळे फोटो दुसऱ्या बाजूनं काढले होते.

एके दुपारी राजाराम जेवायला गेला आणि जाताना म्हणाला, "दादानू, जरा लक्ष ठेवा. आत नवो फ्रीज आसा, गिऱ्हाईक इला की हाक मारा. चावी आतच आसा."

सहदेवनं इकडं तिकडं बघितलं. भीमराज वडाखाली तोंडावर रुमाल टाकून पडला होता. सहदेव गुपचूप चढला. दार लावलं तेव्हा आवाज झाला तो नुसता 'धप्प', कुठं पत्रा वाजला नाही. त्यानं चावी फिरवली. गार वारा सरळ त्याच्या मानेवर आला, तिथून सदऱ्यात उतरला. स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. आयुष्यभर स्टेअरिंगशी कुस्ती खेळलेल्या माणसाला ते एका बोटानं फिरलं म्हणजे काय वाटत असेल! त्यानं उगाच रिव्हर्स टाकला, तसा समोर पडदा उजळला आणि मागचं दिसायला लागलं.

मागं त्याची स्वतःची गाडी उभी होती.

एक दिवा मोतीबिंदू झाल्यासारखा पिवळा. नाकपुडीचा पत्रा गंजून उडालेला. हौद्याची एक बाजू कलती, जणू म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी आहे. इतकी वर्षं तो ह्या गाडीकडं बघत आला होता, पण साडूच्या पडद्यातून त्यानं ती पहिल्यांदाच बघितली. राजाराम रोज गाडी मागं घेताना ही अशी बघतो, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एसी चालू असताना.

त्याच दिवशी त्यानं घरी सांगितलं, "ही देऊन टाकतंय. एक्स्चेंज. नवां मॉडेल घेतंय. तेच्यापेक्षा वरचां."

मुलगी दिशा पार्ल्याला एका ऑफिसात कामाला. ती मोबाइलवरून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, एसीसाठी घेताय की राजाराम काकांसाठी?"

"तू उगी रव."

मालनला मात्र हवीच होती नवी गाडी. शकुच्या गॉगलाला उत्तर द्यायचं होतं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन लगेच बहिणीला फोन लावला. "आमी पण घेतंव गो. जुनी एक्स्चेंजाक देतंव. तुमच्याच शोरूमात." गुप्त ठेवायचं असतं तर तिनं केलं नसतं, पण मग घेण्यात मजा काय राहिली असती?

शनिवारी सहदेवनं गाडी रिकामी केली. डॅशबोर्डवरचा देवाचा फोटो, पक्कड, गमछा, ताडपत्री, सीटखालची पाण्याची बाटली. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. उलट दुसरा गिअर पडताना चापट्या मारल्या, तेव्हा तो म्हणाला, "आज शेवटच्यो खा."

हायवेवर कांदिवलीच्या अलीकडं ते शोरूम. तिथला हर्षद नावाचा पोरगेला सेल्समन गळ्यात पट्टा अडकवून पुढं आला. त्यानं कॉफी दिली, ती सहदेवनं नवी गाडी बघत बघत अर्धी सांडली. बाहेर कुणीतरी जुन्या गाडीला राउंड मारून आलं. खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे बघितले, डिझेलची टाकी ठोकली. सहदेवची तयारी होती की आता हे नाक मुरडणार. दार, काच, गिअर, एकेक काढणार.

हर्षद म्हणाला, "काका, गाडी तुमची एकदम चालून जाईल. टेन्शन नाय घ्यायचं. आमच्याकडे ती उभी पण नाय राहणार."

"म्हणजे भंगारात?"

"भंगार कशाला? पार्टी रेडी आहे." हर्षदनं आवाज खाली घेतला, जणू मोठी खुशखबर देतोय. "कालच येऊन सांगून गेले. सत्तावीस अठरा एक्स्चेंजला येईल, ती दुसऱ्या कुणाला दाखवू पण नको म्हणाले. लकी गाडी आहे म्हणे. पाडव्याला आपल्याकडूनच नवी नेली ना त्यांनी, ते राजारामभाई. मिसेसच्या नावावर घेतायत ही. तुमच्या नाक्यावरचेच ना?"

सहदेवनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"काय म्हणालास? परत म्हण."

हर्षदनं परत सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली, "म्हणाले, नवीपेक्षा ह्या जुनीवर माझा डोळा आहे."

समोर काचेपलीकडं नवं मॉडेल उभं होतं, एसीवालं, बोटानं फिरणाऱ्या स्टेअरिंगचं. पण त्याला दिसायला लागलं ते वेगळंच. सत्तावीस अठरा नाक्यावर उभी आहे आणि तिच्या फाळक्यावर राजाराम पाय सोडून बसलाय. खाकरेवाल्याचा फोन राजारामला येतोय. भीमराज ओरडतोय, देवाची गाडी. शकु गॉगल लावून डाव्या दाराशी उभी आहे आणि राजाराम तिला बाहेरून दार उघडून देतोय. आणि आपण शेजारी नव्या गाडीत, गारेगार, बिनवर्दीचे. म्हणजे पाडव्यापासून जळत होतो ते आपण एकटेच नव्हतो तर! हा मेला पण रात्रंदिवस जळत होता, आणि आपल्याला पत्ता नाही!

पोटातला पीळ एकदम सुटला. इतक्या महिन्यांची मळमळ उतरल्यासारखी झाली.

"चावी दी," तो म्हणाला.

"काका? अहो, सही राहिलीय फक्त."

"रवली तीच बरी."

"अहो काका, त्यांना नको तर दुसऱ्याला देऊ ना! गिऱ्हाईकाला काय तोटा?"

"तू आज दुसऱ्याक देशीत, तो उद्या तेकाच विकतलो. तो राजाराम हा, माझो साडू. माका म्हायत नाय?" सहदेवनं चावी जवळजवळ हिसकावलीच. "आणि कॉफी चांगली होती हां."

गाडीत बसल्यावर त्यानं देवाचा फोटो पिशवीतून काढून परत डॅशबोर्डवर चिकटवला. दुसरा गिअर चापटी न मारताच पडला. हे मात्र त्याला स्वतःलाही थोडं जास्तच वाटलं.

नाक्यावर आला तर राजाराम वाट बघत उभा. काच वर करून आत नाही, बाहेर उन्हात. सत्तावीस अठरा वळताना बघून त्याचं तोंड असं झालं की कुणी त्याच्या ताटातला बांगडा उचलला असावा.

"काय झाला, दादानू? एक्स्चेंज?"

सहदेव सावकाश उतरला. गमछ्यानं मान पुसली. "इचार होतो. पण म्हटलां, गाऱ्हाणां लागलेली गाडी आसा. दुसऱ्याच्या दारात कशी बांधतलंय? घरातली लक्ष्मी ती."

"माका इचारला असतात तर..." राजारामच्या तोंडून निसटलं.

"तुका?" सहदेवनं डोळे मोठे केले. "तुका नवी आसा मां!"

भीमराज वडाखालून हसला. राजाराम आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली. काचेतून तो सत्तावीस अठराकडंच बघत होता. सहदेवनं फाळका पाडला, त्यावर ऐसपैस बसला आणि दोन कटिंग मागवले, दोन्ही स्वतःसाठी. ऊन तेच होतं, घाम तोच होता, पत्रा तसाच तापलेला. पण आतून त्याला जे गार वाटत होतं, ते कुठल्या मॉडेलला येणार?

घरी मालन दोन दिवस बोलली नाही. शकुला फोनवर काय सांगायचं, हा तिचा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बघितलं तर नवरा फ्रीज उघडून उभा.

"काय व्हया?"

"लिंबू खंय आसा? आणि मिरच्यो दी."

"कित्याक?"

"गाडयेक बांधूचो आसा. नाक्यार मेले लोक बघतत."

इतक्या वर्षांत त्या गाडीला कधी कुणी लिंबू-मिरची बांधली नव्हती. बांधावी असं तिच्यात कुणाला काही दिसलंच नव्हतं. सहदेवनं सुईत दोरा ओवला, लिंबू ओवलं, मिरच्या ओवल्या आणि गुणगुणत जिना उतरला.

मालन खिडकीतून ओरडली, "दार पैला दुरुस्त करा तिचा! त्या लिंबाचा सरबत तरी झाला असता!"